थांब म्हणण्याचा अधिकार

आगगाडीच्या डब्यात खिडक्यांच्या वर एक साखळी असते. तिच्याखाली, विनाकारण ओढल्यास शिक्षा होईल, अशी ताकीद लिहिलेली असते. शेकडो प्रवासी जन्मभर प्रवास करतात आणि तिला कधी हातही लावीत नाहीत. पण ती तेथे आहे या जाणिवेतच प्रवाशाचा मोठा धीर साठविलेला असतो. या साधनात तीन गुण एकवटले आहेत. ते कोणाही सामान्य प्रवाशाच्या हाताला येते. त्यासाठी इंजिन चालविण्याची विद्या अवगत असावी लागत नाही. ते गाडीचा नाश करीत नाही, फक्त तिचा वेग रोखते. आणि गाडी थांबल्यावर कोणीतरी जबाबदार माणूस येऊन चौकशी करतो, कारण समजून घेतो, व मगच गाडी पुढे न्यायची की नाही ते ठरते. थांबविणे आणि संपविणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या साध्या साखळीला ठाऊक आहे.

संगणक नावाच्या यंत्राला मात्र हा विवेक मुद्दाम शिकवावा लागतो. संगणकाला दिलेल्या सूचनांच्या मालिकेला आज्ञावली म्हणतात. ती एकदा सुरू झाली की यंत्र निमूटपणे सूचनेमागून सूचना पाळीत जाते. आज्ञावलीत एखादी चूक राहिली, तर ते तेलाच्या घाण्याला जुंपलेल्या बैलाप्रमाणे त्याच वर्तुळात फिरत राहते. बैल निदान दमतो. यंत्र दमत नाही. अशा वेळी कळफलकासमोर बसलेल्या माणसाला ‘थांब’ असे म्हणता आले पाहिजे. त्यासाठी ठरलेल्या कळा असतात. अनेक संगणकांवर ‘कंट्रोल’ आणि ‘सी’ या दोन कळा एकत्र दाबण्याची रीत आहे. यामागचा हिशेब मौजेचा आहे. आस्की या संकेतपद्धतीत मोठ्या लिपीतील ‘सी’ या अक्षराचा क्रमांक ६७ आहे; कंट्रोलची कळ त्यातून ६४ वजा करते आणि उरतात ३. हा ३ क्रमांकाचा संकेत कागदावर उमटणारे अक्षर नव्हे. तो यंत्राला दिलेला इशारा होय. कळफलकावरून आलेल्या अशा इशाऱ्याला संगणकाच्या परिभाषेत व्यत्यय म्हणतात.

इशारा तर पोचला. आता पुढे काय व्हावे? खरा प्रश्न येथेच उभा राहतो. पुष्कळशा आज्ञावल्या हा इशारा मिळताच जागच्या जागी मरून पडतात. आज्ञावली नुसती आकडेमोड करीत असेल तर त्यात फारसे बिघडत नाही. पण समजा, एखाद्या पतपेढीच्या ५,००० खात्यांची फिरवाफिरव चालू आहे. एका खात्यातून रक्कम वजा झाली आहे, दुसऱ्यात ती अजून जमा व्हावयाची आहे, आणि नेमक्या त्या क्षणी कोणी कळ दाबली. आज्ञावली थांबली, पण ती रक्कम कोठे गेली? ती पहिल्या खात्यात नाही, दुसऱ्यातही नाही. उलटपक्षी, अशा भयाने आज्ञावलीच्या कर्त्याने व्यत्ययाकडे साफ दुर्लक्ष करण्याची योजना केली, तर बिघडलेले यंत्र रोखण्याचा माणसाचा एकमेव उपायच नाहीसा होतो. एका बाजूला माणसाचा ‘थांब’ म्हणण्याचा अधिकार, दुसऱ्या बाजूला हाती घेतलेले काम नीट उरकण्याचे आज्ञावलीचे कर्तव्य; या दोहोंचा मेळ कसा घालावा? ज्या भाषांनी या प्रश्नाचा मुळापासून विचार केला, त्यांत स्मॉलटॉक या भाषेचे स्थान फार वरचे आहे.

स्मॉलटॉकचा जन्म अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, पालो आल्टो या गावी झाला. झेरॉक्स या कंपनीने, जिचे नाव मराठी बोलीत छायाप्रतीचेच नाव होऊन बसले आहे, तेथे १९७० साली एक संशोधनकेंद्र स्थापन केले. त्या केंद्रात ॲलन के, डॅन इंगॉल्स, ॲडेल गोल्डबर्ग आणि त्यांचे सहकारी यांनी ही भाषा घडविली. के यांच्या डोळ्यांपुढे वहीएवढा लहान संगणक होता. तो मुलांच्या हाती द्यावा, आणि मुलांनी तो नुसता वापरू नये तर स्वतः घडवावा, असे त्यांचे स्वप्न होते. १९७२ पासून भाषेच्या आवृत्त्या निघू लागल्या. स्मॉलटॉक-८० ही आवृत्ती संशोधनकेंद्राच्या बाहेर पडली. गोल्डबर्ग आणि डेव्हिड रॉब्सन यांनी १९८३ साली तिचे सविस्तर वर्णन ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. पुढे १९९६ साली इंगॉल्स, के आणि त्यांच्या मंडळींनी ॲपल कंपनीत असताना ‘स्क्वीक’ नावाचा तिचा नवा अवतार सिद्ध केला, आणि २००८ साली स्क्वीकमधून ‘फारो’ ही शाखा फुटली. यांशिवाय ‘जीएनयू स्मॉलटॉक’ नावाचे एक स्वतंत्र रूपही प्रसिद्ध आहे.

या भाषेचे वैशिष्ट्य असे की, तिच्यात सारे काही ‘वस्तू’ आहे आणि सारे व्यवहार एका वस्तूने दुसरीला निरोप धाडून होतात. अंक ही वस्तू, अक्षर ही वस्तू, पडद्यावरील खिडकी ही वस्तू. इतकेच नव्हे, तर चालू असलेले काम, म्हणजे प्रक्रिया, हीही वस्तूच. त्यामुळे अन्यत्र यंत्राच्या पोटात दडलेली कितीतरी यंत्रणा येथे त्याच भाषेत लिहिलेली, उघड्यावर मांडलेली आढळते. कळफलकावरच्या व्यत्ययाचे काय करावयाचे, हा निर्णयसुद्धा स्मॉलटॉकमध्येच लिहिलेला आहे. ज्याला तो पसंत नसेल, त्याने तो वाचावा, समजून घ्यावा आणि बदलावा, अशी येथे मुभा आहे.

स्क्वीकच्या मूळ रचनेत ही व्यवस्था कशी चालते, ते पाहण्यासारखे आहे. तळाशी एक आभासी यंत्र असते. तेच सर्व सूचना अमलात आणते. त्याला एक संख्या सांगून ठेवलेली असते : २०९४. ही संख्या म्हणजे ‘कमांड’ ही कळ आणि पूर्णविरामाची कळ यांची जोडी होय. पूर्णविरामाचा आस्की क्रमांक ४६ आणि कमांडच्या कळेची खूण २०४८, मिळून २०९४. वाक्य संपविणारे चिन्हच यंत्राला थांबविण्यासाठी योजावे, यात एक औचित्य आहे. ही जोडी दाबली गेल्याचे दिसताच आभासी यंत्र स्वतः काहीच ठरवीत नाही. ते फक्त एका ‘सेमाफोर’ला खूण करते. सेमाफोर म्हणजे रेल्वेमार्गावरचा तो हात वरखाली करणारा सिग्नल. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९६० नंतरच्या दशकात हा शब्द संगणकविद्येत रूढ केला. सिग्नल पडेपर्यंत जशी गाडी उभी राहते, तशी एक प्रक्रिया या सेमाफोरपाशी वाट पाहत झोपलेली असते. तिला व्यत्ययाची पहारेकरी म्हणावे. खूण होताच ती जागी होते.

पण एक काम भरधाव चालू असताना पहारेकऱ्याला संधी मिळावी कशी? त्यासाठी प्रत्येक प्रक्रियेला अग्रक्रम दिलेला असतो. स्क्वीकमध्ये माणसाचे नेहमीचे काम ४० या पायरीवर चालते; पहारेकरी ६० वर असतो. वरच्या पायरीवरील प्रक्रिया जागी झाली की खालचीला बाजूला व्हावेच लागते. म्हणून ४० वरचे काम कितीही अनंत फेऱ्यांत सापडलेले असो, पहारेकऱ्याचा शब्द चालतो. याच व्यवस्थेतून तिची मर्यादाही ध्यानात येते. एखाद्याने आपले काम ७० च्या पायरीवर चढवून ठेवले आणि ते भरकटले, तर पहारेकरी जागा होऊनही दाराबाहेर ताटकळत राहील. तसेच, आभासी यंत्र ज्या बाहेरच्या कामात गुंतले आहे, ते काम परत येईपर्यंत कळ दाबल्याची दखलच घेतली जाणार नाही.

पहारेकरी पुढे काय करतो? तो चालू कामाला मारीत नाही. त्याला आहे तेथेच स्थगित करतो आणि पडद्यावर ‘यूझर इंटरप्ट’ या मथळ्याची एक छोटी खिडकी उघडतो. तीत तीन पर्याय असतात : काम पुढे चालू द्यावे, ते सोडून द्यावे, किंवा ते उघडून तपासावे. तिसरा पर्याय निवडला की दोषशोधकाची खिडकी उघडते. काम नेमके कोणत्या ओळीवर थांबले, तेथवर ते कोणकोणत्या निरोपांच्या वाटेने आले, प्रत्येक टप्प्यावर कोणती मूल्ये होती, हे सारे डोळ्यांपुढे येते. चुकीची ओळ तेथल्या तेथे दुरुस्त करून काम पुढे नेताही येते. आणि दोषशोधकच उघडेनासा झाला, तर अगदी साध्या अक्षरांत चालणारा एक आणीबाणीचा मार्गही या पद्धतीने राखून ठेवला आहे.

आता ही रीत आपल्या गरजेप्रमाणे बदलावयाची कशी? त्याचे चार मार्ग संभवतात. पहिला मार्ग कळच बदलण्याचा. आभासी यंत्राला २०९४ ऐवजी दुसरी संख्या सांगितली की दुसरी जोडी व्यत्ययाची ठरते. जेथे पूर्णविरामाची जोडी आज्ञावलीला अन्य कामासाठी हवी असते, तेथे हा उपाय सोयीचा. दुसरा मार्ग व्यत्यय बंद करण्याचा. स्क्वीकमध्ये त्यासाठी एक पसंतीच ठेवलेली आहे. प्रदर्शनात मांडलेल्या यंत्रावर येणाऱ्याजाणाऱ्याने सहज कळा दाबल्या आणि पडद्यावर दोषशोधक उघडला, तर प्रेक्षक गोंधळतील. तेथे हे बंधन शोभते. परंतु ज्याने दार बंद केले, त्याने दुसरे दार ठेवण्याची जबाबदारीही घेतली पाहिजे. विकासाचे काम चालू असताना व्यत्यय बंद करणारा माणूस ज्या फांदीवर बसला आहे तीच तोडीत असतो. एक वेडी फेरी सुरू झाली की यंत्र बंद करण्यावाचून त्याला गत्यंतर उरत नाही, आणि न साठविलेले काम त्याबरोबर बुडते.

तिसरा मार्ग पहारेकऱ्याला नवी शिकवण देण्याचा. जागे झाल्यावर त्याने खिडकी न उघडता आज्ञावलीच्या कर्त्याने सांगितलेले काम करावे. जीएनयू स्मॉलटॉकमध्ये हे सरळ करता येते : अमुक क्रमांकाचा इशारा यंत्रणेकडून आला की अमुक सेमाफोरला खूण कर, असा निरोप प्रक्रियांच्या नियंत्रकाला द्यावयाचा. युनिक्सच्या वंशातील यंत्रणांत कळफलकावरील व्यत्ययाचा क्रमांक २ आहे. त्या सेमाफोरपाशी वाट पाहणारी प्रक्रिया कर्त्याने स्वतः लिहावी. मात्र येथे दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहारेकरी वरच्या पायरीवर असल्याने त्याने स्वतः लांबलचक काम आरंभू नये. तो जागा असेपर्यंत खालचे सारे खोळंबते. आणि प्रत्येक खूण घेऊन झाल्यावर त्याने पुन्हा सेमाफोरपाशी येऊन बसावे. एकदाच जागून निघून जाणारा पहारेकरी दुसऱ्या हाकेला सापडत नाही.

चौथा मार्ग सर्वांत सुंदर. त्यात व्यत्यय ‘अपवाद’ म्हणून चालू कामातच प्रकट होतो. जीएनयू स्मॉलटॉकमध्ये यासाठी ‘यूझर इंटरप्ट’ नावाचा अपवादांचा एक वर्गच आहे. कामाचा मजकूर एका कंसात घालावयाचा आणि त्याला सांगावयाचे : हा अपवाद उद्भवला तर हे कर. भाषेतील त्या निरोपाचे नाव ‘ऑन-डू’. बहुतेक भाषांत अपवाद पकडला जाईपर्यंत चालू काम उलगडून मोडून गेलेले असते. स्मॉलटॉकमध्ये तसे होत नाही. अपवादाचा विचार चालू असतानाही मूळ काम जिवंत, श्वास रोखून उभे असते. म्हणून विचार करणाऱ्याला खरीखुरी निवड उरते : काम तेथूनच पुढे चालवावे, मुळापासून पुन्हा आरंभावे, काही उत्तर देऊन संपवावे, की हा प्रश्न वरच्या अधिकाऱ्याकडे सोपवावा. या साऱ्यांसाठी निरनिराळे निरोप आहेत, आणि १९९८ सालच्या अमेरिकन प्रमाणकाने ते नक्की केले आहेत.

तिसरा आणि चौथा हे मार्ग एकत्र करू पाहणाऱ्यांची एका ठिकाणी हटकून फसगत होते. पहारेकरी ही वेगळी प्रक्रिया आणि मूळ काम ही वेगळी. पहारेकऱ्याने आपल्याच घरात अपवादाची हाक मारली, तर ती शेजारच्या घरात ऐकू जात नाही. मूळ कामाभोवती ‘ऑन-डू’चे कितीही कडे उभारलेले असो, ते मुके राहते. हाक त्या प्रक्रियेच्या घरातच घालावी लागते. म्हणून कोणत्या प्रक्रियेला थांबवावयाचे हे पहारेकऱ्याला आधी सांगून ठेवावे, आणि त्याने त्या प्रक्रियेच्या अंगातच अपवाद जागवावा. स्क्वीक आणि फारो यांत प्रक्रियेला तसा निरोप धाडता येतो.

आता पतपेढीच्या त्या खात्यांकडे परत वळता येईल. येथे स्मॉलटॉकचे आणखी एक साधन उपयोगी पडते. त्याचे नाव ‘एन्शुअर’. एखाद्या कामाला हा निरोप जोडला की ते काम सुखरूप संपो वा मध्येच तुटो, निरोपाबरोबर दिलेले आवराआवरीचे काम होतेच. उघडलेली वही मिटणे, घेतलेले कुलूप सोडणे, ही कामे तेथे लिहावीत. दुसरे एक साधन केवळ काम मध्येच तुटले तरच जागे होते. अर्धवट नोंद मागे फिरविण्यासाठी ते योग्य. तरीही नुसत्या आवराआवरीवर विसंबणे शहाणपणाचे नाही, कारण व्यत्यय आवराआवरीच्या मध्येही येऊ शकतो.

यास्तव अनुभवी कर्ते एक साधी शिस्त पाळतात. पहारेकऱ्याने व्यत्यय येताच कामात हात घालू नये. त्याने फक्त एक निशाण उभारावे. मुख्य कामाने प्रत्येक खात्याची फिरवाफिरव पुरी झाल्यावर त्या निशाणाकडे एकदा पाहावे. निशाण उभारलेले दिसले, की एक रक्कमही अधांतरी न ठेवता थांबावे, किती खाती झाली आणि किती राहिली ते सांगावे, आणि पुढे जावे की नाही ते विचारावे. अशाने ‘थांब’ हा शब्द ऐकला जातो आणि हिशेबही शाबूत राहतो. पण निशाणाकडे पाहण्याचेच काम विसरले, किंवा आज्ञावली खात्यांच्या मधल्याच एखाद्या फेरीत अडकली, तर काय? त्यासाठी दुसऱ्या दाबाची तरतूद ठेवावी. पहिला दाब ही विनंती समजावी, दुसरा दाब ही आज्ञा. विनंतीला सवड मागता येते. आज्ञेला मागता येत नाही.

आणखी एक पथ्य आहे, आणि ते तत्त्वाचे आहे. व्यत्यय म्हणजे चूक नव्हे. आज्ञावलीत शून्याने भागाकार झाला, फाइल सापडली नाही, या चुका. माणसाने थांब म्हटले ही चूक नाही. ती इच्छा आहे. ज्या कर्त्याने ‘कोणतीही चूक झाली तरी दुर्लक्ष करून पुढे चल’ असे सरसकट लिहिले, त्याच्या त्या जाळ्यात माणसाची इच्छाही सापडता कामा नये. पायथन या आज लोकप्रिय असलेल्या भाषेला हा धडा अनुभवाने शिकावा लागला. कळफलकाचा व्यत्यय सर्वसामान्य अपवादांच्या कुळात असल्यामुळे तो नकळत गिळला जाई. २००६ साली निघालेल्या २.५ या आवृत्तीत त्याला त्या कुळातून बाहेर काढून स्वतंत्र आसन देण्यात आले. स्मॉलटॉकमध्ये काम करणाऱ्यानेही सर्व अपवादांना एकाच जाळ्यात धरण्याचा मोह टाळावा. चुकांसाठी चुकांचा वर्ग वापरावा आणि व्यत्ययाचे नाव घेऊन त्याची निराळी विचारपूस करावी.

पालो आल्टोच्या त्या केंद्रात लॅरी टेस्लर नावाचे एक संशोधक होते. यंत्राने माणसाला कोणत्याही एका अवस्थेत कोंडून ठेवू नये, हा त्यांचा जन्मभराचा आग्रह होता. २०२० साली त्यांचे निधन झाले. व्यत्ययाचा प्रश्न त्याच आग्रहाच्या जातीचा आहे. आज माणसाची कितीतरी कामे यंत्रांकडे सोपविली गेली आहेत आणि आणखी सोपविली जातील. यंत्र किती वेगाने धावते याची वाखाणणी पुष्कळ होते. ते सांगितल्यावर थांबते का, थांबताना हातातले काम नीट खाली ठेवते का, आणि थांबल्यावर आपण काय करीत होतो हे प्रामाणिकपणे दाखविते का, हे प्रश्न मात्र क्वचित विचारले जातात. आज्ञावली लिहिणाऱ्याने आपल्या मजकुरातील चार ओळी या तीन प्रश्नांसाठी राखून ठेवाव्यात. त्या ओळी बहुधा वर्षानुवर्षे एकदाही उपयोगात येणार नाहीत. पण ज्या दिवशी येतील, त्या दिवशी बाकीच्या हजार ओळींचा भरवसा त्यांच्यावरच अवलंबून असेल.